तबेल्यातली पुस्तकपेटी बंद करू का?

«मी नोकरी सांभाळून गेली सहा वर्षं घोडेस्वारी शिकते आहे. स्पर्धा वगैरे काही नाही, निव्वळ हौस. आमच्या तबेल्यावर माझ्यासारखे दहा-बारा जण आहेत. दोन वर्षांपूर्वी मी खोगिरं ठेवायच्या खोलीत माझ्या पुस्तकांची एक पेटी ठेवली. ज्याला हवं त्यानं न्यावं, वाचून परत ठेवावं. सुरुवातीला सगळे खूश होते. आता तीन भानगडी झाल्या आहेत. पहिली, निम्मी पुस्तकं परत आलेलीच नाहीत, आणि जी आली ती ओल्या टॉवेलांखाली सापडली. दुसरी, एका नवख्या स्वाराला मी माझं अतिशय आवडतं पुस्तक दिलं. त्यातला कमानदार मानेच्या घोड्याचा फोटो बघून त्यानं दुसऱ्याच दिवशी लगाम खेचून घोडीचं डोकं खाली आणायचा प्रयत्न केला. घोडी मान झटकत मागे मागे गेली, पुढचे पाय उचलायला लागली. सर भयंकर चिडले. ‘घोडा पुस्तक वाचून चालत नाही, उचला ही पेटी इथून,’ म्हणाले. तिसरी, आमच्यातल्या एक ज्येष्ठ स्वार मला सर्वांदेखत म्हणाल्या की तू सुचवतेस ती पुस्तकं जुनाट आहेत. तेव्हापासून कोण काय वाचतं यावरून दोन तट पडले आहेत. पेटी बंद करू का? आणि पुस्तक सुचवायचं तरी कसं, की सुचवूच नये?

– वाचनवेडी स्वार»

प्रिय वाचनवेडी,

पेटी बंद करू नका. तिची जागा मात्र बदला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुस्तक हातात ठेवताना तुमच्या तोंडून जे वाक्य निघतं ते बदला. तुमच्या पत्रात ते आलेलं नाही, पण मला ते पाठ आहे, कारण मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले: ‘हे वाचच, अप्रतिम आहे!’

कादंबरीच्या बाबतीत हे चालून जातं. नाही आवडली तर वाचणाऱ्याच्या दोन संध्याकाळी फुकट जातात, बस. घोडेस्वारीचं पुस्तक चुकीच्या वेळी चुकीच्या हाती पडलं तर भोगावं लागतं ते तिसऱ्याच कुणाला. त्याच्या तोंडात लोखंडाची कडी असते आणि त्याला पुस्तकाबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून तुमच्या सरांचा राग मला कळतो. घोडी मागच्या पायांवर उभी राहून उलटली असती तर काय झालं असतं, हे त्यांना त्या एका क्षणात दिसलं असणार. पण त्यांचं वाक्य अर्धंच खरं आहे. उडीच्या वेळी रिकिबीत वजन घेऊन पुढे झुकायला त्यांनी तुम्हाला शिकवलं असेल. विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत स्वार उडीवर चक्क मागे रेलत असत. इटालियन घोडदळातल्या फेदेरिको कॅप्रिली नावाच्या अधिकाऱ्यानं ती रीत मोडली. हा माणूस लिहिण्याच्या बाबतीत कंजूष; त्याच्या नावावर लिखाण अगदी थोडं आहे. १९०७ साली, चाळिशीही गाठायच्या आत, घोड्यावरून पडून तो गेला. त्याची पद्धत जगभर पोचली ती त्याच्याकडे शिकलेल्यांमुळे, आणि मागाहून इतरांनी ती पुस्तकांत लिहून काढल्यामुळे. म्हणजे सरांच्या शिकवणीतही कुणाचं तरी पुस्तक आहेच, त्यांना ते कुठल्या हातांतून मिळालं ते आठवत नसेल इतकंच.

त्यांच्याकडे जा. पेटीची बाजू मांडायला जाऊ नका, आधी सरळ चूक कबूल करा: पुस्तक मी दिलं, सोबत काहीच सांगितलं नाही, घोडीला त्रास झाला. मग विचारा, ‘सर, आमच्यातल्या प्रत्येकानं वाचलंच पाहिजे असं एखादं पान तुमच्या लक्षात आहे का?’ एक पान. पुस्तक विचारलंत तर ते ‘अनुभव हेच पुस्तक’ वगैरे म्हणतील. पान विचारलंत तर बहुधा दुसऱ्या दिवशी घरून काहीतरी जुनं, कव्हर निघालेलं घेऊन येतील. न वाचणारे प्रशिक्षक मला फार कमी भेटलेत. आपण वाचतो हे न सांगणारे पुष्कळ.

आणि त्यांच्याशी एक करार करून टाका. काहीही वाचायला कुणाची परवानगी नको, पण वाचलेलं घोड्यावर करून बघायचं असेल तर ते सरांच्या समोर, त्यांना ते पान दाखवून. यात कुणाचाच कमीपणा नाही. शिफारशीच्या बाबतीत माझा गुरू असलेला झेनोफनही हेच म्हणतो.

हा ग्रीक माणूस इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला, स्वतः घोडदळातला. त्यानं तरुण मित्रांसाठी घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि त्यात कच्च्या घोड्याला शिकवायची वेळ आल्यावर तो वाचकाला म्हणतो की हे काम स्वतः करत बसू नकोस, जाणकाराकडे सोपव. मुलाला एखाद्या कारागिराकडे शिकायला ठेवताना करतात तसं, घोडा परत येईल तेव्हा त्याला काय काय येत असलं पाहिजे ते आधी लिहून घे. स्वतः पुस्तक लिहिणारा माणूस वाचकाला शिक्षकाकडे पाठवतोय. हे सरांना जरूर सांगा, त्यांना आवडेल.

पण मी त्याला गुरू म्हणते ते त्याच्या पहिल्याच परिच्छेदासाठी. पुस्तकाची सुरुवात तो दुसऱ्याच्या पुस्तकानं करतो. म्हणतो, या विषयावर सिमॉननंही लिहिलंय. अथेन्समध्ये एलेउसिनियन मंदिरापाशी काशाचा घोडा अर्पण करून त्याच्या चौथऱ्यावर स्वतःचे पराक्रम कोरून घेणारा तोच हा सिमॉन. आमचं त्याच्याशी जिथे जुळतं तिथे ते वगळणार नाही, उलट आनंदानं मित्रांच्या हाती देऊ, कारण एवढ्या जाणकाराशी एकमत झालं म्हणजे ते जास्त भरवशाचं. आणि त्यानं जे सोडलंय ते आम्ही सांगायचा प्रयत्न करू.

लिहिणारा कोण, त्यानं स्वतः काय केलंय, मला त्यातलं काय पटलंय आणि त्यात काय सुटलंय. तुम्ही त्या नवख्या स्वाराला एवढं सांगितलं असतंत तर? त्यातलं शेवटचंच सांगितलं असतंत तरी पुरलं असतं: ‘हे पुस्तक ज्यांची मांड पक्की झालीय त्यांच्यासाठी आहे, मांड कशी बसवायची ते यात नाही.’ पुढे त्याच पुस्तकात झेनोफनचं सगळ्यात प्रसिद्ध म्हणणं येतं: जबरदस्तीनं करवलेलं घोड्याला समजलेलं नसतं, आणि त्यात सौंदर्यही नसतं, नाचणाऱ्याला चाबूक मारून नाचवावं तसं ते. तिथेही तो प्रामाणिकपणे जोडतो की हे सिमॉननंही म्हटलंय. सिमॉनच्या लिखाणाचा आज एक तुकडाच उरला आहे. त्याचं हे म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते झेनोफननं नाव घेऊन पुढे दिलं म्हणून.

आता तो फोटो.

घोडेस्वारीच्या पुस्तकातली सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे त्यातली सुंदर छायाचित्रं. फोटोत मान दिसते, कारण मान कमानदार आणि देखणी असते. त्या मानेमागे वर उचललेली पाठ, पोटाखाली येऊन वजन घेणारे मागचे पाय आणि काही वर्षांची मेहनत असते, पण नवख्याचा डोळा तिथपर्यंत पोचत नाही. जर्मन घोडदळाच्या शिकवणीतून आलेली सहा पायऱ्यांची शिडी बहुतेक स्वारांनी कधीतरी ऐकलेली असते: आधी चालीचा ताल, मग अंगातला सैलपणा, मग लगामाशी संपर्क, मग मागून येणारा जोर, मग सरळपणा, आणि सर्वांत शेवटी घोड्याचं एकवटणं, म्हणजे मागच्या पायांवर वजन घेऊन आटोपशीर चालणं. हाताचा विषय तिसऱ्या पायरीवर निघतो. तुमच्या स्वारानं सहाव्या पायरीचा फोटो पाहिला आणि तिथे दोरी टाकून चढायला बघितलं.

त्याला फार हसू नका. मला एका साध्या वाक्यानं तीन महिने फसवलं होतं. वाक्य होतं, ‘हात स्थिर ठेवा.’ मी वाचलं आणि मुठी जणू टेबलावर रोवल्यासारख्या एका जागी धरून बसले. साध्या चालीत घोडा पावलागणिक डोकं हलवतो, कँटरमध्येही, म्हणजे हलक्या दौडीतही, हलवतो. दुडक्या चालीत ते बऱ्यापैकी जागच्या जागी राहतं. माझे हात माझ्या पोटाच्या हिशेबात अगदी स्थिर होते. घोड्याच्या तोंडाच्या हिशेबात ते दर पावलाला एक हिसका देत होते. दुडक्या चालीत सगळं ठीक आणि साध्या चालीत आला की हा घोडा डोकं का झटकतो, म्हणून मी त्यालाच हट्टी ठरवलं. त्या वाक्यातलं ‘स्थिर’ म्हणजे तोंडाशी स्थिर, म्हणजेच डोक्याबरोबर पुढे-मागे जाणारा हात. पुस्तकात हे नव्हतं असं नाही. अठ्ठावीस पानं आधी होतं. ती पानं मी उडवली होती, कारण त्यांत चित्रं नव्हती.

म्हणून माझी रीत आता अशी आहे. कुणाला पुस्तक देताना अख्खं पुस्तक देतेच, पण वाचायला एक प्रकरण सांगते, आणि ते शक्यतो मधलं नसतं. आणि विचारते, ‘सध्या घोड्यावर काय अडतंय?’ या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पुस्तक देऊच नये, अशा मताला मी आले आहे. हे मत मला महागात पडलं. आमच्याकडे एक बाई पडल्या होत्या, हाड मोडलं नव्हतं पण मन खचलं होतं. परत आल्या तेव्हा मी मोठ्या प्रेमानं त्यांच्या हातात शास्त्रशुद्ध स्वारीवरचा जाडजूड ग्रंथ ठेवला. त्यांना हवं होतं ते भीतीबद्दल चार शहाणे शब्द लिहिणारं काहीतरी: श्वास का अडकतो, गुडघे आवळले की घोडा का बिचकतो, आज नुसतं खरारा करून परत गेलं तरी चालतं का. ग्रंथ त्यांनी उघडला नाही. मी विचारेन म्हणून त्या मला टाळायला लागल्या, माझी मोटार दिसली की घोड्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन खूर साफ करायच्या. चार महिने! पुस्तक सुचवणं म्हणजे एक प्रकारचा तगादा असतो, हे मला तेव्हा कळलं. आता मी देताना स्पष्ट सांगते, ‘वाचलंस का म्हणून विचारणार नाही.’ आणि खरोखर विचारत नाही. गंमत म्हणजे लोक आपण होऊन सांगायला येतात.

ज्यांना शिकवणीची पुस्तकं म्हटली की झोप येते त्यांना गोष्ट द्या. १८७७ साली ॲना सूएलनं घोड्याच्याच तोंडून सांगितलेली ‘ब्लॅक ब्यूटी’ पुष्कळांनी लहानपणी वाचलेली असते, पण स्वार झाल्यावर वाचलेली नसते. मोठेपणी वाचून बघा. गाडीच्या घोड्यांची मान दिखाऊपणासाठी वर बांधून ठेवणाऱ्या लगामाबद्दल त्यात जे येतं, ते वाचताना तुमच्या नवख्या स्वाराला काहीही समजावून सांगावं लागणार नाही. ती बाई लहानपणी घोटे दुखावल्यामुळे नीट चालू शकत नव्हती, घोडागाडीवरच तिचं फिरणं अवलंबून. रोज घोड्याच्या पाठीमागे बसून तिनं जे पाहिलं ते तिनं लिहिलं. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच ती गेली.

पुस्तकाला दोष देण्याआधी घोडीकडे मात्र एकदा नीट बघा. मान झटकणं, मागे सरकणं, पुढचे पाय उचलणं हे नुसत्या चुकीच्या हातानं होतं, तसंच दातांच्या धारेनं, न बसणाऱ्या खोगिरानं, दुखऱ्या पाठीनंही होतं. घोड्याचं दुखणं कसं ओळखावं हे वाचन तुमच्या पेटीत असलंच पाहिजे असं मला वाटतं, कारण त्यासाठी ना शैलीची भांडणं लागतात ना मोठा अनुभव. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात सहा खुणा पाहतात: मागे ताठरलेले कान, आकसलेले डोळे, डोळ्यांवरचा ताण, टरारलेले जबड्याचे स्नायू, आवळलेलं तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. स्वार पाठीवर असतानाच्या वागण्यावरूनही अशीच चोवीस लक्षणांची यादी पशुवैद्य सू डायसन यांनी २०१८ मध्ये मांडली. त्यातली आठ किंवा जास्त दिसली तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. या याद्या छापून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुस्तकातलं काहीही करून बघताना एकानं खाली उभं राहून फक्त घोड्याचा चेहरा बघायचा. पुस्तकाबद्दलचा तो अभिप्राय सगळ्यात विश्वासू.

‘जुनाट’ म्हणणाऱ्या बाईंबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण त्या निम्म्या बरोबर आहेत आणि नेमकं कुठल्या निम्म्यात ते कळणं उपयोगाचं आहे.

मांड, हात, संयम, घोड्याला समजेल अशा क्रमानं शिकवणं, हे जुनं होत नाही. तुमचे सर तुमच्याकडून शोल्डर-इन (घोड्याचे खांदे आत घेऊन त्याला तिरकं चालवणं) करून घेत असतील, तर तो व्यायाम ला गेरिनियेर या फ्रेंच गुरूच्या १७३३ च्या ग्रंथात आहे, आणि त्यानं दिलेली कारणं आजही वाचण्याजोगी आहेत. चारा, औषध आणि सुरक्षा यांवरची पानं मात्र दुधासारखी नासतात. माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात जंताचं औषध दर सहा ते आठ आठवड्यांनी, न चुकता, सगळ्या घोड्यांना द्या असं आहे. साठच्या दशकात तो सल्ला शहाणपणाचा होता, रक्तवाहिन्यांत शिरणाऱ्या जंतांनी तेव्हा खरोखर घोडे मरत. पण तसंच सरसकट देत राहिल्यामुळे औषधाला न जुमानणारे जंत तयार झाले, आणि आज पशुवैद्य आधी लिदेतली अंडी मोजायला सांगतात. त्याच पुस्तकात घामाघूम घोड्याला गार पाणी पाजू नका, अंगावर तर मुळीच ओतू नका, असं दटावून लिहिलंय. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये उकाड्याची भीती होती म्हणून त्याआधी यावर बरंच संशोधन झालं. तापलेल्या घोड्याच्या सगळ्या अंगावर गार पाणी भराभर ओतत राहणं हाच त्याला वाचवायचा मार्ग आहे, हे त्यातून दिसलं. जुन्या पुस्तकावर विसंबून कुणी उन्हात घोडा पाण्याविना नुसता फिरवत ठेवला तर? शिरस्त्राणाबद्दल तर बोलायलाच नको. पट्टा नसलेल्या मखमली टोप्या घालून उड्या मारणारी ती प्रसन्न माणसं बघून मला आता धडकीच भरते.

आणि जुनं, प्रसिद्ध आणि वाईट, असंही एकत्र असू शकतं. नेपल्सच्या ग्रिझोने या अश्वगुरूचं १५५० मधलं पुस्तक युरोपभर गाजलं, निरनिराळ्या भाषांत गेलं. अडेल घोड्याला पुढे काढण्यासाठी काठीच्या टोकाला जिवंत मांजर बांधून त्याच्या मागच्या पायांत घालायचा उपाय त्यात आहे. आवृत्त्यांवर जाऊ नये ते यासाठी.

तेव्हा प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते प्रथम कधी निघालं ते साल मोठ्या आकड्यात लिहा. पुनर्मुद्रणाचं नको, पहिलं. चारा-औषधाची जी पानं आता चालत नाहीत, त्यांवर पेन्सिलीनं आडवी रेघ आणि ‘आधी पशुवैद्यांना विचारा’ एवढं. हे काम त्या ज्येष्ठ बाईंनाच सोपवा. त्यांना जुनाट काय ते ओळखता येतं, मग तेवढा अधिकार त्यांना मिळू दे. मनधरणी म्हणून हे सुचवत नाही, खरोखर ज्याला ते जमतं त्यानंच करावं असं काम आहे.

दोन तट पडले त्याचं मला फारसं वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये बोशे आणि द'ऑर या दोन अश्वगुरूंच्या अनुयायांनी यापेक्षा कितीतरी जोरात भांडून घेतलंय. बोशेनं पुढे उतारवयात स्वतःचीच पद्धत इतकी बदलली की जाणकार आजही त्याची ‘पहिली रीत’ आणि ‘दुसरी रीत’ असं वेगवेगळं बोलतात. लेखक स्वतः पुढे निघून जातो आणि वाचक मागे त्याच्या जुन्या मतासाठी लढत राहतात. तुमच्याकडे असा वाद पेटला की एकच विचारा, ‘कुठल्या घोड्यावर?’ लेखकांची नावं गळून पडतात आणि बिजली, सुलतान अशी नावं यायला लागतात. मग वादही ऐकण्यासारखा होतो.

एक माणूस तुमच्या पत्रात नाही, म्हणून मी त्याची आठवण करून देते. खरारा करणारा, चारा घालणारा, पहाटे पहिल्यांदा घोड्याचं तोंड बघणारा सईस. तुमची पेटी त्याच्यासाठी नसणार, कारण पुस्तकं बहुधा त्याला न येणाऱ्या भाषेत आहेत. घोडे शिकवण्यावरचं आपल्यापर्यंत पोचलेलं सर्वांत जुनं लिखाण सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचं आहे, मातीच्या विटांवर कोरलेलं. मितान्नी देशाचा किक्कुली नावाचा अश्वशिक्षक आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती लोकांसाठी रथाचे घोडे तयार करत होता, त्याचं ते. लिखाण हित्ती भाषेत, पण घोड्याला किती फेऱ्या द्यायच्या ते सांगायची वेळ आली की मधूनच शब्द येतात ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’. एक, तीन, पाच, सात. आपल्याला ते वाचून दाखवायलाही कुणी नको, कानानंच कळतात. धंद्यातले शब्द जिभेवर जसे होते तसेच राहिले, आपण मराठी बोलताना ट्रॉट आणि कँटर म्हणतो तसे. तेव्हा भाषेची अडचण सांगू नका. आठवड्यातून एकदा, खोगिरं पुसता पुसता, कुणीतरी दोन पानं आपल्या भाषेत मोठ्यानं सांगा आणि सईसाला विचारा, हे खरं का? मी हे केलंय. आमच्या सईसानं एका नामांकित लेखकाचं अख्खं प्रकरण ‘याच्या घोड्याला काम कमी आणि दाणा जास्त असणार’ एवढ्यावर निकालात काढलं. मी प्रकरण परत वाचलं. तो बरोबर होता.

राहिली पुस्तकं परत न येण्याची गोष्ट. दुसऱ्याच्या हाती गेलेली लेखणी आणि पुस्तक गेलंच समजावं, आणि आलंच परत तर फाटून-मळून, असं जुनं सुभाषित सांगतं. (त्यात तिसरी वस्तू म्हणून बायकोही आहे. ते सुभाषितकर्त्यापाशीच राहू दे.) खोगिराच्या खोलीत घामानं ओली गादी, तेल, साबण, ओल आणि उंदीर, तिथे पुस्तक टिकणारच नाही. पत्र्याची झाकणाची पेटी घ्या, कोरड्या जागी ठेवा, सोबत दोरीनं बांधलेली वही. नाव, तारीख, एका वेळी एकच पुस्तक. जे पुस्तक गेलं तर तुम्हाला रडू येईल ते पेटीत ठेवूच नका. आणि कुणी ‘मी अख्खं स्कॅन करून सगळ्यांना पाठवतो’ म्हणालं तर नाही म्हणा. घोडेस्वारीवर लिहिणाऱ्यांची पुस्तकं मुळातच थोडी खपतात.

वहीपेक्षा पेन्सिल जास्त महत्त्वाची. पुस्तक जपण्याच्या नावाखाली आपण त्यावर लिहायला घाबरतो. या पेटीतल्या पुस्तकांवर लिहू द्या, मात्र एका अटीवर: मत लिहायचं नाही, काय झालं ते लिहायचं. कुठला घोडा, कुठली तारीख, काय केलं, घोड्यानं काय केलं. ‘सुंदर विचार!’ असं कुणी समासात लिहिलं तर खुशाल खोडा. ‘सुलतान, तीन आठवडे, डाव्या हातावर फरक पडला, उजव्यावर नाही’ हे राहू द्या. माझ्याकडे असं एक पुस्तक आहे, त्याच्या एका पानावर पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकाच म्हाताऱ्या घोड्याबद्दल लिहिलंय, आणि पाचही जणांना त्यानं एकाच कोपऱ्यात थांबवलंय. तो घोडा आता नाही. ते पान छापील मजकुरासाठी मी कित्येक वर्षांत वाचलेलं नाही.

तुमचं ते आवडतं पुस्तक नवख्या स्वाराकडून काढून घेतलं असेल तर परत द्या, पेन्सिलीसकट. त्या फोटोशेजारी त्यानं घोडीचं नाव, तारीख आणि जे घडलं ते स्वतःच्या अक्षरात लिहावं. लिहून झालं की ते पान सरांना दाखवायला त्यालाच पाठवा. तुम्ही बरोबर जाऊ नका.